बेसबॉल सॅव्हंट: चोरट्या धावकांचा फुकटातला हिशेब

मेजर लीग बेसबॉलची 'बेसबॉल सॅव्हंट' ही आकड्यांची वेबसाइट. पैसे नाहीत, खातं उघडण्याची कटकट नाही. तीस संघांच्या मैदानांवर कॅमेरे जे टिपतात, त्यातलं बरंचसं इथे कुणालाही उघडून पाहता येतं. या यंत्रणेचं नाव स्टॅटकास्ट. ती 2015 पासून सगळ्या मैदानांवर आहे, आणि 2020 पासून तिचे डोळे हॉक-आयचे आहेत, म्हणजे क्रिकेटमध्ये पायचीतच्या निर्णयाला जे दिसतं तेच. गोव्यात सॉफ्टबॉल-बेसबॉल शिकवणाऱ्याला, किंवा नुसतं पहाटे उठून सामने बघणाऱ्याला बेस चोरण्याचं गणित समजून घ्यायचं असेल, तर ही साइट पुरून उरते. फक्त ती मागच्या पानापासून वाचायची. नवखा माणूस सगळ्यात आधी वेगाचं पान उघडतो आणि तिथेच चकतो.

बेसची चोरी कशी असते ते आधी. क्रिकेटमधली चोरटी धाव चेंडू बॅटला लागल्यावर निघते. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे इथला गोलंदाज, चेंडू टाकायला हलला, की पहिल्या बेसवरचा धावक दुसऱ्याकडे सुटतो. बॅटला चेंडू लागो न लागो. शिवाय सुटण्याआधीच तो बेस सोडून दहा-बारा फूट पुढे उभा असतो. त्याला लीड म्हणतात. नॉन-स्ट्रायकरने साडेतीन मीटर क्रीझबाहेर उभं राहावं आणि पंचाने ते चालवून घ्यावं, असा प्रकार. तो फार पुढे गेला तर पिचर चेंडू पहिल्या बेसकडे फेकून त्याला बाद करू शकतो. फार मागे राहिला तर कॅचर, म्हणजे इथला यष्टीरक्षक, चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकून त्याला पकडतो. चोरीचा सगळा खेळ या दोन भीतींमधला.

आता वेगाचं पान. 'स्प्रिंट स्पीड' हा आकडा फूट प्रतिसेकंदात दिला जातो. धावताना खेळाडूचा सगळ्यात वेगवान एक सेकंद कोणता, तो घ्यायचा आणि त्या सेकंदात तो किती फूट गेला ते मोजायचं. मग अशा धावांपैकी वरच्या सुमारे दोन-तृतीयांशांची सरासरी. लीगची सरासरी 27, अगदी संथ गडी 23च्या आसपास, आणि 30 म्हणजे शिखर. आपल्या भाषेत 27 फूट म्हणजे सेकंदाला 8.2 मीटर आणि 30 फूट म्हणजे 9.1 मीटर. तीस ओलांडणाऱ्या धावेला साइट 'बोल्ट' म्हणते. खुद्द उसेन बोल्टचा सर्वोच्च वेग सेकंदाला 12 मीटरच्या वर, म्हणजे 40 फूट. नाव जरा उदारपणे दिलंय.

पानावर वर्ष, संघ, जागा यांचे फिल्टर आहेत. कमीत कमी किती धावा मोजल्या असाव्यात, हेही ठरवता येतं. होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, पहिल्या बेसपर्यंतचा वेळ शेजारच्या रकान्यात असतो, आणि सगळा तक्ता फाइल म्हणून उतरवून घेता येतो. इथवर उत्तम.

मेख व्याख्येत आहे. स्प्रिंट स्पीडमध्ये दोनच प्रकारच्या धावा धरतात: एका दमात दोन किंवा जास्त बेस ओलांडलेल्या, आणि बॅटवरून चेंडू नीट न गेल्यामुळे पहिल्या बेसकडे जीव तोडून मारलेल्या. पहिल्यावरून दुसऱ्यावर केलेली चोरी यात बसतच नाही. म्हणजे ज्या आकड्यावरून लोक 'हा चांगला चोर' असं ठरवतात, त्यात त्याची एकही चोरी मोजलेली नसते. आणि तो आकडा असतो भर वेगातला. चोरीत धावक उभ्याचा सुटतो, आणि पूर्ण वेग पकडेपर्यंत निम्मं अंतर संपलेलं असतं.

2024 मध्ये या पानावर सगळ्यात वर होता कॅन्सस सिटीचा बॉबी विट ज्युनियर, 30.5 फूट. त्याच हंगामात त्याने 31 बेस चोरले आणि 12 वेळा पकडला गेला. आता 2025 चा जॉश नेलर बघा. आधी ॲरिझोना, मग जुलैपासून सिॲटल. धडधाकट पहिल्या बेसचा गडी, स्प्रिंट स्पीड 25च्या आत, म्हणजे लीगमधल्या सगळ्यात संथ लोकांच्या रांगेत. त्याने 30 बेस चोरले आणि फक्त 2 वेळा पकडला गेला. सिॲटलकडून तर 19 पैकी 19. त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्सच्या हुआन सोतोने सरासरीच्या खालच्या वेगावर 38 चोरले, पकडला गेला 4 वेळा.

कुणाची चोरी संघाला जास्त फळली, ते काढायला एक जुना हिशेब आहे. सध्याच्या कोणत्या स्थितीतून इनिंग संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात, याची तालिका असते. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांनी 2010 ते 2015 या हंगामांवरून काढलेल्या तालिकेत एकही आउट नसताना पहिल्यावर धावक असेल तर 0.859 धावा अपेक्षित असतात. तो दुसऱ्यावर पोचला की 1.100. पकडला गेला तर बेस रिकामे, एक आउट, आणि अपेक्षा उरते 0.254. कमाई 0.241, गमावणं 0.605. म्हणजे दहातली सात चोरी पचली, तरी संघ जेमतेम बरोबरीत. नेमका आकडा 71.5 टक्के. एक आउट असताना तो 72.6 होतो, दोन आउट असताना 70.2. तिन्ही वेळा सत्तरच्या किंचित वर, हे ध्यानात ठेवायला सोपं.

सोयीसाठी प्रत्येक यशस्वी चोरीला 0.2 धावा जमा आणि प्रत्येक पकडीला 0.42 वजा धरा. विटच्या 31 आणि 12 मधून उरते जेमतेम 1 धाव. नेलरच्या 30 आणि 2 मधून 5. सिनसिनाटीच्या एली डे ला क्रूझने 2024 मध्ये 67 चोरले, 16 वेळा सापडला. हाती साडेसहा ते सात. त्याच वर्षी शोहेई ओतानी 59 आणि 4: दहा. आता जुन्या काळात जाऊ. रिकी हेंडरसनने 1982 मध्ये 130 बेस चोरले. तो विक्रम आजही कुणाला गाठता आलेला नाही. पण त्या वर्षी तो 42 वेळा पकडलाही गेला, आणि याच मापाने त्याच्या हाती उरतात साधारण 8. त्या काळात धावांचं पीक वेगळं होतं, तेव्हा एका मापाने मोजणं थोडं खडबडीत आहे. तरी ओतानीचे 59 हे हेंडरसनच्या 130 ना तोल देतात, एवढं दिसायला पुरे. हेंडरसनची थोरवी यात कमी होत नाही. कारकिर्दीत 1406 चोऱ्या, यश 80 टक्क्यांच्या वर, आणि समोरच्या पिचरची झोप उडवणं वेगळंच.

सॅव्हंटवर हेंडरसन सापडत नाही, कारण धावकांच्या वेगाची मोजणी तिथे 2015 पासूनचीच आहे. पण वरचा हिशेब ज्या पानावर आयता मिळतो, ते पान साइटच्या यादीत बरंच खाली आहे: 'बेसरनिंग रन व्हॅल्यू' आणि त्याच्याच जोडीचं चोरीचं पान. इथे फुटांचा हिशेब संपतो आणि धावांचा सुरू होतो. दोन भाग वेगवेगळे दाखवतात: चोरीतून किती मिळवलं, आणि मारलेल्या चेंडूवर जादा बेस घेऊन किती मिळवलं. विटसारख्या गड्याच्या वेगाचं मोल दुसऱ्या भागात आणि क्षेत्ररक्षणात निघतं. वेग स्वस्त झाला, असं म्हणायचं कारण नाही. त्याची जागा बदलली आहे.

का बदलली, हे समजल्याशिवाय हे पान नीट वाचता येणार नाही. 1987 मध्ये 26 संघांनी मिळून 3,585 बेस चोरले होते. 2021 मध्ये संघ 30, आणि चोऱ्या 2,213. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. होम रन, म्हणजे बेसबॉलचे षटकार, वाढले; होम रनवर पहिल्यावरचा धावकही घरी येतो आणि दुसऱ्यावरचाही, मग दुसऱ्यावर जायला जीव धोक्यात कशाला? आणि वरची सत्तर-बहात्तर टक्क्यांची तालिका प्रत्येक संघाच्या कार्यालयात लागली. साठ-पासष्ट टक्क्यांवर चोऱ्या करणाऱ्यांना थांबायला सांगण्यात आलं.

2023 मध्ये तीन नियम एकदम आले. पिचरसाठी घड्याळ: बेस रिकामे असताना 15 सेकंद, धावक असताना 20 (2024 पासून 18). पिचरने रबरवरून (तो जिथून चेंडू टाकतो त्या पट्टीवरून) पाय काढणं किंवा पहिल्याकडे फेकणं प्रत्येक फलंदाजामागे दोनदाच फुकट. तिसऱ्यांदा फेकलं आणि धावक बाद झाला नाही, तर बॉक, म्हणजे धावकाला पुढचा बेस बक्षीस. आणि बेस 15 इंचांवरून 18 इंचांचे. परिणाम: 2022 मध्ये 2,486 चोऱ्या, यश 75.4 टक्के. 2023 मध्ये 3,503, यश 80.2. 2024 मध्ये 3,617.

वर्तमानपत्रांत मोठ्या बेसचा फोटो छापला जातो, कारण तो फोटोत दिसतो. गणित वेगळंच सांगतं. मोठ्या बेसमुळे पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर साडेचार इंचांनी घटलं. भर वेगात धावणारा तेवढं अंतर 0.014 सेकंदात काटतो. लीडचा एक जादा फूट 0.037 सेकंद वाचवतो. वेगात एका फुटाचा फरक, म्हणजे 27 ऐवजी 28, उरलेल्या पाऊणशे फुटांत साधारण दशांश सेकंद देतो. म्हणजे लीडचे तीन फूट वाढवले तर वेगाचा एक फूट हातात आला. आणि पिचरची पहिली हालचाल दशांश सेकंद आधी ओळखली, तर तेवढाच फायदा पाय न हलवता. नेलरचं गुपित यातच. पिचरकडे फेकायच्या दोन संधी. त्या संपल्या की तो हात आखडतो, घड्याळ उतरत असतं, धावक एकेक पाऊल सरकतो. कबड्डीत बचाव करणारे चढाई करणाऱ्याचा श्वास मोजतात, तशातला प्रकार. सोतोच्या बाबतीत मेट्सचे तेव्हाचे पहिल्या बेसचे कोच अँटोअन रिचर्डसन यांचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. पिचरच्या खांद्याची, टाचेची खूण शोधून देणं हे कोचचं काम.

म्हणून सॅव्हंटवर चोरीच्या पानातले लीडचे रकाने आधी बघा. पिचरची पहिली हालचाल होताना धावक बेसपासून किती फूट दूर होता, आणि चेंडू हातातून सुटताना किती. या दोहोंतला फरक म्हणजे त्याने कमावलेली जमीन. तो मोठा आणि स्प्रिंट स्पीड साधारण, असा गडी दिसला की त्याच्या चोऱ्यांचे व्हिडिओ उघडा. शोधपानावर प्रत्येक चेंडूच्या ओळीला छोट्या व्हिडिओचं चिन्ह असतं, तेही फुकट. पाच-सहा चोऱ्या लागोपाठ पाहिल्या की काय वाचून तो सुटतो, ते कळायला लागतं. वेगाच्या पानावर तासभर घालवून हे कळणार नाही.

कॅचरच्या बाजूचं पान 'पॉप टाइम'. चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये आपटल्यापासून फेक दुसऱ्या बेसच्या मध्यावर पोचेपर्यंतचा वेळ. सरासरी 2.01 सेकंद. त्यातला हस्तांतराचा, म्हणजे ग्लव्हमधून काढून हातातून सोडेपर्यंतचा भाग 0.73. बाकीचा चेंडूचा प्रवास, होमपासून दुसऱ्या बेसपर्यंत 38.8 मीटर. पिचरला पहिल्या हालचालीपासून ग्लव्हपर्यंत 1.3 ते 1.4 सेकंद लागतात. बेरीज 3.3 ते 3.4, त्यावर टॅग लावायचा, म्हणजे चेंडू धावकाला टेकवायचा क्षण. धावक यापेक्षा आधी पोचला तर चोर, नाही तर मूर्ख. पिचर आळशी असेल आणि 1.5 घेत असेल, तर कॅचर कितीही तयारीचा असो, त्याच्या हातात काही उरत नाही. दशांश सेकंदात धावक 80 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो.

पॉप टाइमच्या पानात एक खोड आहे. कॅचरने फेक केली तरच वेळ मोजला जातो. चेंडू निसटला म्हणून किंवा धावक फार पुढे गेला म्हणून त्याने फेकलंच नाही, तर ती चोरी सरासरीत येत नाही. निवडून फेकणारा कॅचर आहे त्याहून बरा दिसतो. शिवाय पाच-दहा फेकींवरची सरासरी फसवी, तेव्हा कमीत कमी प्रयत्नांचा फिल्टर वर चढवून घ्या. खरा निवाडा हवा असेल तर कॅचरच्या 'अपेक्षेपेक्षा किती जास्त पकडले' या पानावर जा. तिथे चेंडू येताना धावक दुसऱ्या बेसपासून किती लांब होता, त्याचा वेग किती, चेंडू कुठे पडला, हे सगळं धरून हिशेब होतो. पिचरच्या आळसाचं पाप कॅचरच्या माथी लागत नाही.

स्वतःचा तक्ता करायचा असेल, तर शोधपानावरून एकेका चेंडूची फाइल उतरवता येते. इथे अनेकांचा घोळ होतो. त्या फाइलीत घटनेच्या रकान्यात यशस्वी चोरी सरळ सापडत नाही, कारण तो रकाना फलंदाजाची पाळी कशी संपली ते सांगतो. चोरी पाळीच्या मध्येच घडते. ती शोधायची खूण अशी: एका चेंडूच्या ओळीत पहिल्या बेसच्या रकान्यात धावकाचा क्रमांक आहे, दुसऱ्याच्या रकान्यात काही नाही, त्याच पाळीतल्या पुढच्या चेंडूच्या ओळीत तोच क्रमांक दुसऱ्याच्या रकान्यात. पण कॅचरच्या हातून चेंडू निसटून धावक पुढे गेला, तरी ओळी अशाच दिसतात, आणि बॉकवरही. त्यामुळे निवडलेल्या ओळी सामन्याच्या वर्णनाशी ताडून बघाव्याच लागतात. एवढ्या साध्या गोष्टीला एक रकाना द्यायला हवा होता. एक तारा इथे कापला.

गोव्यात याचा उपयोग काय, तो भाग आता. फुटबॉल हा इथला राज्यखेळ. गावोगावी मैदान आहे ते फुटबॉलचं, गोलपोस्टसकट. स्प्रिंट स्पीड मोजायला ते फार सोयीचं पडतं. गोलरेषेपासून छोट्या चौकटीची रेषा 5.5 मीटरवर आणि पेनल्टी चौकटीची 16.5 मीटरवर. दोन रेषांमध्ये बरोबर 11 मीटर, म्हणजे 36.1 फूट. गोलपोस्टच्या दोन-तीन मीटर बाहेरून सरळ पट्टा धरा. धावक पेनल्टी चौकटीच्या वीस मीटर अलीकडून सुटेल, म्हणजे पहिली रेषा ओलांडताना तो भर वेगात असेल. दोन रेषांमधला वेळ घ्या आणि 36.1 ला त्या सेकंदांनी भागा; येतो तो थेट सॅव्हंटचा आकडा. 1.34 सेकंद म्हणजे 27, मेजर लीगची सरासरी. 1.44 म्हणजे 25. 1.20 आले तर 30. इतका वेग दिसला तर आधी टेप काढून अंतर पुन्हा मोजा. चुन्याच्या रेषा मारणाऱ्याने घाईत पाऊल मोठं टाकलं असेल, तर अर्धा मीटर इकडेतिकडे सहज होतं.

हातातल्या स्टॉपवॉचने हे जमत नाही. बोटाची चूक दशांश-दीड दशांश सेकंदाची, आणि 1.34 ऐवजी 1.24 आलं की 27 चा गडी 29 चा होतो. मोबाइलचा स्लो-मोशन वापरा. सेकंदाला 240 चौकटींचा (फ्रेम्सचा) असेल तर एक चौकट 0.004 सेकंदाची, साध्या 30 चौकटींच्या चित्रीकरणात तीच 0.033. फोन तिपाईवर, पट्ट्यापासून वीसेक मीटर दूर, दोन रेषांच्या मध्यासमोर. दोन्ही रेषांवर धावकाच्या पट्ट्याला अगदी खेटून काठ्या रोवा. काठी लांब रोवली तर कॅमेऱ्याच्या तिरकस नजरेमुळे रेषा ओलांडल्याचा क्षण चुकतो. दोन्ही काठ्यांशी छातीच मोजा, एकीकडे छाती आणि दुसरीकडे पाय असं नको. अगदी पहाटे किंवा पावसाळी मळभात 240 चौकटींचं चित्र काळवंडतं, तेव्हा ऊन थोडं वर आल्यावर घ्या. आणि गोलरेषेमागे थोड्याच अंतरावर चिऱ्यांची भिंत असेल, तर तिथे हे मुळीच करू नका. थांबायला निदान पंधरा मीटर हवेत. मग टेपने मैदानाच्या मध्यावर 11 मीटर आखून घ्या.

पॉप टाइम मोजताना चूक होते ती आवाजामुळे. दुसऱ्या बेसमागे उभं राहून ग्लव्हचा 'थप' ऐकला की बटण दाबायचं, ही सवय सगळीकडे आहे. आवाजाला 39 मीटर यायला 0.11 सेकंद लागतात. म्हणजे 2.15 चा कॅचर तुमच्या वहीत 2.04 चा होतो आणि स्पर्धेत चोर त्याच्या अंगावरून जातात. चित्रीकरणातही फोन दुसऱ्या बेसजवळ असेल तर आवाजावर जाऊ नका, चौकट बघा. फोन पहिल्या बेसच्या बाहेर, कॅचर आणि दुसरा बेस दोन्ही एका चित्रात येतील असा ठेवा. हस्तांतराचा वेळ वेगळा काढा: चेंडू ग्लव्हमध्ये शिरल्याची चौकट आणि बोटांतून सुटल्याची चौकट. शालेय मुलामुलींचा वेळ बहुतेक इथेच सांडतो, खांद्यात नाही, आणि हे दोन-तीन आठवड्यांत सुधारता येतं. खांदा बनायला वर्षं लागतात.

घसरण्याचा सराव मात्र सॅव्हंट शिकवत नाही, आणि इथे जांभ्याची खडी असलेल्या मैदानावर तो केला तर मांडीची साल निघते. पावसाळ्यात गवत ओलं असताना किंवा मिरामारला ओहोटीच्या वेळी पाण्यालगतच्या घट्ट वाळूवर शिकवावा. त्या वाळूवर घेतलेले वेळ मात्र वहीत लिहू नका.

आता सॉफ्टबॉल, कारण शाळा-कॉलेजांत तोच जास्त. बेसमधलं अंतर 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर, आणि पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावकाने बेस सोडायचा नाही. लीडच नाही म्हटल्यावर सॅव्हंटचं लीडचं पान इथे निरुपयोगी. बेरीजही बदलते: पिचरची हालचाल मोजायची नाही, फक्त चेंडूचा प्रवास. मुलींच्या खेळात पिचर 43 फुटांवर. ताशी 60 मैलांच्या चेंडूला अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी लागतं. त्यात कॅचरचा वेळ मिळवायचा. त्याची फेक 25.9 मीटरची. आणि धावकाचा आकडा कोणता? भर वेगाचा तर नाहीच. उभ्या स्थितीतून 18.29 मीटर, हातातला चेंडू सुटताना बघून, बेसला पाय लावून. हा वेळ वेगळा काढा. वरच्या 11 मीटरच्या चाचणीत पहिली आलेली मुलगी इथे चौथी येते, असं हटकून दिसेल. खो-खो खेळलेली मुलगी इथे पुढे असते, कारण बसल्या जागेवरून उठून सुटणं हा तिचा रोजचा धंदा.

सत्तर टक्क्यांची तालिका मात्र सॉफ्टबॉलला जशीच्या तशी लावू नका. ती मेजर लीगच्या धावांवरून काढलेली आहे. शालेय सामन्यात कॅचरच्या फेकीच निम्म्या वेळा मध्यक्षेत्रात जातात, आणि तिथे चोरणाऱ्याला एका बेसच्या जागी दोन मिळतात. आपल्या स्पर्धेच्या वहीतून स्वतःची तालिका काढायला एका हंगामाच्या इनिंग पुरत नाहीत, पण तीन-चार वर्षांच्या नोंदी असतील तर निघते: प्रत्येक स्थितीनंतर इनिंग संपेपर्यंत झालेल्या धावा, भागिले ती स्थिती आली तितक्या वेळा.

किरकोळ गोष्टी. साइट इंग्रजीतच, आकडे फूट आणि मैलांत. तक्ते रुंद, मोबाइलवर आडवे सरकवावे लागतात. वाळपईकडच्या डोंगरात नेटवर्क अशक्त असेल तर आलेखांची पानं उघडायला वेळ लागतो, तेव्हा फाइल उतरवून घ्या. तारखा अमेरिकेच्या. तिथला संध्याकाळी 7:05 चा न्यूयॉर्कमधला सामना इथे पहाटे 4:35 ला सुरू होतो, पोदेराच्या, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याच्या, भोंग्याच्याही आधी. आणि सिॲटलमधला 6:40 चा सामना आपल्या सकाळी 7:10 ला. साइटवर दोन्ही आदल्या दिवसाच्या तारखेखाली सापडतील. सामन्याचं पान चेंडू पडेल तसं भरत जातं, पण क्रमवारीची पानं ताजी व्हायला वेळ लागतो. सकाळी पाहिलेल्या चोरीचे लीडचे फूट लगेच शोधू नका. थेट सामना बघायचा असेल तर लीगची वेगळी, पैसे भरून घ्यायची सेवा आहे. चोरी शिकण्यासाठी तिची गरज नाही, तुकड्यातुकड्यांचे व्हिडिओ पुरतात.

साइट उघडल्यावरचा क्रम असा ठेवा: आधी चोरीचं पान, त्यातला लीडचा फरक, मग त्या धावकासमोरचा कॅचर अपेक्षेपेक्षा किती पकडतो ते, मग व्हिडिओ. स्प्रिंट स्पीड सगळ्यात शेवटी, आणि तोही पाहताना शेजारी 'किती वेळा पकडला गेला' हा आकडा दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवून.